शरयूचं सातवं प्रकरण

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. दुपारचे दोन वाजले असतील. सिॲटलहून तिच्या धाकट्या भावाचा फोन होता. "नलूताई, ती सकाळी गेली," एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि समोरच्या उरलेल्या तीन स्लाइड्स बघून त्यांचे रिपोर्ट डिक्टेट केले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की आता हिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलणार. आणि तसंच झालं. पुढच्या रविवारी पार्सिपनीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. जी बाई वर्षातून जेमतेम महिनाभर न्यू जर्सीत असायची, तिच्यासाठी हॉल भरला. जो तो उठून सांगत होता, शरयूने आमच्या बाबांचं औषध बदलायला लावलं, शरयू आमच्या मुलांना पोटभर हसवायची, शरयूसारखी माणसं आता कुठे... मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणाले. घसा ठणठणीत होता. आज सहा आठवड्यांनी पुरवणीच्या संपादकांनी आग्रह केला म्हणून लिहायला बसले आहे, आणि ठरवलंय की खोटं लिहायचं नाही. मला शरयूचा हेवा वाटायचा. तिच्यावर जीवही होता, नाही असं नाही. पण हेवा आधी आला आणि तोच जास्त टिकला.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये आम्ही दोघींनी एका खोलीत पाच वर्षं काढली. ती वर्ध्याची, मी अमरावतीची. मी पहाटे उठून घोकायची, ही सातपर्यंत डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची, आणि निकाल लागला की हिला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त. वीस असते तर मी नाद सोडला असता. दोनच असायचे, म्हणून जास्त जळायचं. माझ्या आईने पाठवलेल्या लाडवांचा डबा ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर उघडायची आणि मुली म्हणायच्या, शरयू किती मोठ्या मनाची. लाडू माझे आणि मोठं मन हिचं. पुढे मी लग्न करून सुधाकरबरोबर अमेरिकेत आले, मला न्यू जर्सीत पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी मिळाली, घर झालं, केतकी झाली. शरयू एकटीच आली. तिला कुठल्याच चांगल्या ठिकाणी जागा मिळेना. शेवटी जिथे कोणी जायला तयार नव्हतं तिथे, अलास्कातल्या मूळ रहिवाशांसाठी असलेल्या एका लहानशा हॉस्पिटलात तिला घेतलं. फोनवर म्हणाली, "नले, तिथे उणे चाळीस असते म्हणे." मी अगं बाई, कसं होणार तुझं, असं म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी घरात शिरा केला. सुधाकर विचारत होता, आज काय आहे म्हणून. मी म्हटलं, काही नाही, सहज.

दहाएक वर्षं मी तिला बिच्चारी म्हणत सुखात काढली. मग एकोणीसशे ऐंशीनंतर ती दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे यायला लागली. तिला एक विषय सापडला होता. थंड मुलखात बाहेरची माणसं जाऊन वस्त्या करायला लागली, व्हेलमासे मारणारे, व्यापारी, पाद्री, आणि त्यांच्या मागून त्यांचे डॉक्टर गेले. त्या डॉक्टरांनी तिथे काय केलं, काय लिहून ठेवलं, याचा इतिहास तिला लिहायचा होता. सांगायची फार छान, हेच तर दुखणं होतं. म्हणायची, डॉक्टर आले ते तिथल्या लोकांना कसं जगावं हे शिकवायला. मांस नीट शिजवून खा, बंद लाकडी घरात राहा, आमच्या ठाण्याजवळ या. लोक आले, त्या कोंदट घरांत एकाचा क्षय दहांना झाला. आणि शिकवणारे स्वतः काय, तर जुनं डबाबंद अन्न खाऊन त्यांच्या हिरड्या सडायच्या, दात पडायचे, स्कर्व्हीने माणसं मरायची. शेजारीच ताजं कच्चं मांस खाणाऱ्या म्हाताऱ्यांचे दात शाबूत असायचे. डॉक्टर ते बघायचे आणि वहीत लिहायचे, हे लोक अस्वच्छ आहेत. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे ऐकताना सुधाकरचा घास हातात राहायचा. मी घशाच्या कॅन्सरची एखादी केस सांगायला गेले की हाच म्हणायचा, अगं जेवताना काय हे.

एका किनाऱ्यावरच्या व्यापारी ठाण्याची सगळी जुनी कागदपत्रं आमच्या घरापासून दीड तासावरच्या एका लायब्ररीत होती, म्हणून मुक्काम आमच्याकडे. बेसमेंटमधली खोली तिची. केतकी तेव्हा दहा-अकराची. माझ्याशी एक शब्द मराठीत बोलायची नाही, मी मराठीत विचारायचं आणि तिने आय डोन्ट नो म्हणून खांदे उडवायचे. शरयूमावशी आली की शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून खाली. दोघींचं काय हसणं चालायचं कोण जाणे. मी वरून हाक मारली की हसणं थांबायचं, आणि मला वाटायचं, माझ्याच घरात मीच पाहुणी आहे. एकदा मी सुधाकरला म्हटलंही, तिला काय, महिनाभर लाड करायचे आणि जायचं, रोज डबा भरून द्यावा म्हणजे कळेल. तो म्हणाला, तू सुद्धा महिनाभर लाड करून बघ. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तिच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण हे खरं पुस्तक होतं, बाकीचं त्याच्यासाठी. शरयूची एक म्हातारी पेशंट होती, तिला ती आजीच म्हणायची. या आजीचे आजोबा शिकारी. ते त्या ठाण्याला मांस पुरवायचे. एका हिवाळ्यात ठाण्यावरची माणसं आजारी पडली, त्यातली दोघं दगावली, आणि तिथल्या डॉक्टरने वहीत लिहिलं की या शिकाऱ्याने विष घातलं. ऐन बर्फात त्याला बायकापोरांसह हाकलून दिलं, त्यात त्याची दोन मुलं गेली. पुढे आजी मिशनच्या शाळेत गेली तेव्हा तिथल्या बाईंनी भर वर्गात तिला विष घालणाऱ्याची नात म्हटलं होतं. ऐंशी वर्षांची झाली तरी त्या म्हातारीला बाईंचे ते शब्द पाठ होते, असं शरयू म्हणायची. आजीला एवढंच ठाऊक होतं की आजोबा सांगायचे, मी त्यांना खाऊ नका म्हणालो होतो, त्यांनी ऐकलं नाही. शरयूने त्याचा अर्थ लावला की ते डबाबंद अन्नाबद्दल सांगत असणार. तिने आजीला शब्द दिला होता, की ती माणसं विषाने नाही, स्कर्व्हीने आजारी पडली हे मी छापून आणीन, आणि ते पुस्तक तुझ्या हातात देईन.

ते सातवं प्रकरण तिने मला वाचायला दिलं. किचनच्या टेबलावर, दुपारी, मी मटार सोलत होते. "नले, तू पॅथॉलॉजिस्ट आहेस, चुकलं असेल तर सांग," म्हणाली. मी हात पुसून वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर थांबले. काही जणांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते ठीक, ती स्कर्व्हीच. पण ज्यांच्यावरून विषाचा आळ आला ते सगळे एका रात्रीत पडले होते. स्कर्व्ही रात्रीत येत नाही, तिला आठवडे लागतात. यांचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, आणि दोन-तीन दिवसांनी तळव्यांची कातडी सोलून निघाली. हे मी कधी पाहिलं नव्हतं, पण वाचलं होतं. रेसिडेन्सीत आमचे एक प्रोफेसर मला चिडवायला मुद्दाम असले प्रश्न विचारायचे, सांगा शाकाहारी मॅडम, पांढऱ्या अस्वलाचं लिव्हर का खाऊ नये? त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की ताटलीभर खाल्लं तरी माणूस आडवा होतो, कातडी सोलवटते. तिथल्या शिकाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. मला एका क्षणात सगळं दिसलं. आजोबा काय खाऊ नका म्हणाले होते, तेही दिसलं.

मी विचारलं, "काय खात होते गं ते त्या आठवड्यात?"

तिने तिची वही काढली. लायब्ररीत पेन्सिलीने भरभर उतरवून घ्यायची, म्हणून मराठीत लिहायची. नाव, वय, तक्रार, खाणं, असे रकाने पाडलेले. खाण्याच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द, मांस, मांस, मांस. "मांस. अजून काय खातील तिथं?" म्हणाली.

ही चूक आम्हीच करू जाणे. आमच्या शाकाहारी घरांत मांस म्हणजे मांस. कुठल्या प्राण्याचं, कुठला भाग, याच्याशी काय करायचंय? अलास्कात इतकी वर्षं राहूनही ही बाई तूरडाळीची पोती आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या नेत होती, पेशंट तिला हसायचे. मूळ कागदात जे काही लिहिलं असेल ते तिच्या डोळ्यांनी वाचलं आणि हाताने मांस लिहिलं. मीही तशीच होते, पण रोज लॅबच्या टेबलावर लिव्हर कापून कापून माझी ती सवय मोडली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, परत जाऊन बघ, कुठलं मांस. पाच शब्द. पण त्या पाच शब्दांनी तिचं पुस्तक चांगलं होतं ते असामान्य झालं असतं, आणि जेवणाच्या टेबलावर सुधाकरने तिलाच वा म्हटलं असतं. मी मटाराचं भांडं पुढे ओढलं आणि म्हणाले, छान झालंय. भाषा फार सुंदर आहे तुझी.

पुढच्या वसंतात तिचं एका मेडिकल कॉलेजात लेक्चर ठेवलं होतं. आम्ही सगळे गेलो, मी पैठणी नेसले होते. शरयू सातव्या प्रकरणावर बोलली आणि लोक मान डोलवत होते. मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा डॉक्टर उठला आणि शांतपणे म्हणाला, हे सगळे एका रात्रीत आजारी पडले म्हणता, मग ही स्कर्व्ही कशी? शरयू कागद चाळत राहिली. हॉलमध्ये खुर्च्या वाजायला लागल्या. ती म्हणाली, मला परत पाहावं लागेल, आणि खाली उतरली. घरी येताना सुधाकर ड्राइव्ह करत होता, मी पुढे, मागे शरयू आणि केतकी. केतकीने मावशीचा हात धरला होता. आयसेलिनला तेव्हा नुकतीच आपली दुकानं व्हायला लागली होती, तिथे थांबून मी शरयूसाठी पेढे घेतले, पाठीवरून हात फिरवला, म्हाताऱ्याला नावं ठेवली. तेव्हाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण तिचं ते उतरलेलं तोंड मला बघवत नव्हतं आणि बघावंसंही वाटत होतं. असं असतं माणूस... निदान मी आहे.

प्रकाशकांनी कळवलं, सातवं प्रकरण दुरुस्त करा नाहीतर काढून टाका. ती काढायला तयार होईना. त्या उन्हाळ्यात येऊन परत सगळं बघते म्हणाली, पण उन्हाळ्यापूर्वीच तिला गाठ सापडली. अलास्काहून उपचारांसाठी सिॲटलला आली आणि मग सिॲटललाच राहिली. दीड वर्ष मी फोनवर केमोच्या गोष्टी करत होते आणि मूग गिळून होते. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी विमानात बसले. पाच तास मी मनाशी तो प्रसंग रंगवत होते. मी सगळं कबूल करीन, ती क्षीण हसेल, माझा हात हातात घेईल, जाऊ दे गं नले म्हणेल. लाज वाटते लिहायला, पण मी स्वतःसाठी रुमालसुद्धा वेगळा ठेवला होता.

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लेक्चरच्या आधी माहीत होतं तुला?"

"हो."

"गाडीत पण?"

"हो."

ती छताकडे बघत होती. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "आजी मागच्या हिवाळ्यात गेली. जाईपर्यंत विचारत होती, झालं का लिहून? मला काहून सांगतेस आता? तिला सांगायचं होतं." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. "जा आता, नले."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये तासभर बसले. दुसऱ्या दिवशी गेले तर झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. परत आल्यावर दहा दिवसांनी एक खोकं आलं. त्यात तिच्या सगळ्या वह्या, पुस्तकाचं हस्तलिखित, आजीच्या नातवाचा पत्ता, आणि एका चिठ्ठीवर दोन शब्द, पुरं कर. खाली नाव नाही, तुझी वगैरे काही नाही. त्यानंतर चारच दिवसांनी तो दुपारचा फोन आला.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी रजा टाकून त्या लायब्ररीत गेले. मूळ वही समोर आली. आजाऱ्यांच्या यादीच्या आदल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, त्या डॉक्टरच्या बारीक अक्षरात होतं. शिकाऱ्याने पांढरं अस्वल आणलं होतं. त्याचं लिव्हर तो समुद्रात टाकायला निघाला होता, अडाणी समजूत म्हणून ठाण्यावरच्यांनी त्याला अडवलं आणि ते तळून खाल्लं. सगळं डॉक्टरने स्वतःच लिहून ठेवलं होतं, आणि पान उलटून दुसऱ्या दिवशी विष घातलं म्हणून लिहिलं. त्या पानासमोर बसून मला पहिल्यांदा रडू आलं. शरयूसाठी की आजीसाठी, की माझ्या हुशारीसाठी, काही सांगता येत नाही.

मग मी सातवं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. केतकी आता पंधराची आहे, तिचं टायपिंग झकास आहे. बेसमेंटमध्ये शरयूच्या खोलीत टाइपरायटरचं मशीन ठेवलं, मी इंग्रजीत सांगायचं आणि तिने टाइप करायचं. अस्वलाच्या जागी आलो तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, "वॉव. हू फिगर्ड धिस आउट? मावशी?"

मावशी म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. सगळे म्हणाले असते, मैत्रिणीसाठी किती केलं. पण तोंडातून निघालं, "मी." हा प्रामाणिकपणा होता असं कोणी समजू नये. इतकी वर्षं जे पोटात होतं ते बाहेर आलं, मला ते श्रेय हवं होतं. केतकी खुर्चीसकट वळली. तिच्या चेहऱ्यावर ते कौतुक होतं, जे मी शरयूकडे बघताना शंभरदा पाहिलं होतं आणि माझ्याकडे बघताना एकदाही नाही. ते मला मिळालं. पाच-सात सेकंद मिळालं असेल.

मग तिने विचारलं, "व्हेन?"

मी सांगितलं. मटार, टेबल, सगळं. त्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर केतकीही होती, हे मला तिच्याकडे बघतानाच आठवलं. ती मशीनकडे वळली आणि म्हणाली, इथे फुटनोट पाहिजे, तुझ्या नावाने. मी म्हटलं, राहू दे गं, नाव कशाला. ती म्हणाली, "नो. युअर नेम. अँड बोथ डेट्स, आई. व्हेन यू न्यू, अँड व्हेन यू टोल्ड हर."

मी सांगितल्या, तिने टाइप केल्या. पुस्तकात माझं नाव त्या एकाच ठिकाणी येईल, आणि नावापुढे दोन तारखा असतील. आजीच्या नातवाला पाठवायची प्रत तयार आहे, पण ते फुटनोटचं शेवटचं पान अजून शरयूच्या खोलीत मशीनमध्येच आहे. केतकी ते काढत नाही. मी रोज खाली जाते, वाचते आणि तसंच ठेवून वर येते.